मामा, विमानाच्या साहेबाचा ठराव मंजूर झाला

मामा, आधी निकाल सांगते, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल. ठराव मंजूर झाला. विमान कंपनीच्या मोठ्या साहेबाला वाढीव पगार मिळणार. आपण हरलो. पण मामा, काय झ्याक हरलो म्हणून सांगू! तुम्ही असता तर गल्लीच्या तोंडापासून फटाक्यांची माळ लावली असती आणि हरल्यावर कुणी माळ लावतं का म्हणून आत्तींनी तुम्हाला आत बोलावून झापलं असतं.

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. लोक म्हणतात, तू लिहितेस-बिहितेस, सासऱ्यांवर काहीतरी लिही. जन्म शिरोळ तालुक्यातला, शाहूपुरीत पंपाचं दुकान, स्वभाव परखड. एवढं तर दशक्रियेच्या फलकावरही लिहिलं होतं. मला ते लिहायचं नाही. मला तुम्हाला सभेत काय झालं ते सांगायचंय. तुम्ही ज्या सभेसाठी चार महिने दंड थोपटत होता, ती सभा तुमच्या उत्तरकार्यानंतर तिसऱ्या दिवशी झाली, आणि तुम्ही नव्हता. याचा मला तुमच्यावर इतका राग आलाय की काय सांगू.

लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्याला मामा आणि सासूला आत्ती म्हणायचं एवढंच मला ठाऊक होतं. या मामाशी रोज ताटावर बसून भांडायचं असतं हे नंतर कळलं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, "शिरोलीत कारखान्यात तू नेमकं काय करतीस गं?" मी म्हटलं, लोकांची भरती आणि पगार ठरवते. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणालात, "म्हंजे कुणाला किती वाढायचं ते तू ठरवतीस. मग तुझ्याशी जपून बोलाय पायजे." आणि त्यानंतर एक दिवसही जपून बोलला नाहीत.

तुमची खरी जात सभासद ही होती. साखर कारखान्याचे सभासद, दूध संस्थेचे सभासद, पतसंस्थेचे सभासद. वार्षिक सभेची तारीख लागली की घरात लग्न निघाल्यासारखं व्हायचं. इस्त्रीचा सदरा, खिशात पेन, आणि सकाळपासून घसा साफ करणं. आपल्याकडची सभा म्हणजे काय ते मी तुमच्यामुळेच पाहिलं. अध्यक्षांनी पहिला विषय वाचायच्या आत पुढच्या रांगा "मंजूर, मंजूर" ओरडणार, मागून तुम्ही "नामंजूर" ओरडणार, मग माईकची ओढाओढ, मग राष्ट्रगीत, की झाली सभा. मग तुम्ही लोक बाहेर झाडाखाली समांतर सभा घेणार आणि आत मंजूर झालेला प्रत्येक ठराव तिथे हात वर करून नामंजूर करणार. मी एकदा विचारलं होतं, मामा, याचा उपयोग काय? तुम्ही म्हणालात, "उपेग? अगं, घरी गेल्यावर झोप लागती की!"

या सगळ्यात विमान कुठून आलं, ते आठवलं की मला अजून हसू येतं. तुम्ही आणि आत्ती पहिल्यांदा विमानात बसलात ते तिरुपतीला जाताना. मी आणि तुमचा लेक प्रताप सोबत होतो. उजळाईवाडीच्या विमानतळावर काउंटरला आपल्याच गल्लीतली रूपाली, त्या निळ्या गणवेशात, केस घट्ट बांधलेले. तिने तुम्हाला खिडकी दिली. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "ही आमच्या गल्लीतली पोरगी हाय, बरं का पावणं!" रांगेतले लोक वळून बघायला लागले आणि रूपाली लाजून चूर झाली. विमान वर गेलं तसं तुम्ही काचेला नाक लावलंत. पंचगंगेचं वळण दिसलं, उसाचे हिरवे चौकोन दिसले. तुम्ही पुढच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर थाप मारून "बघा, बघा, आपला ऊस" म्हणालात. त्याचा ऊस नव्हता, तो चेन्नईचा होता.

आणि आत्ती! हवाई सुंदरी पाण्याची बाटली घेऊन आली तर आत्तींनी तिचा हात धरला. "जेवलीस का बाळ?" ती पोरगी गोंधळली. सगळ्या विमानाला विचारणारी ती, तिला कुणी विचारलंच नव्हतं. आत्तींनी डब्यातली धपाटी तिच्या हातावर ठेवली. परत आल्यावर तुम्ही प्रतापला म्हणालात, "ज्या गाडीत बसतो, त्या गाडीचा सभासद व्हायला नको व्हय?" आणि तुमचं आणि आत्तींचं मिळून खातं उघडून कंपनीचे शेअर घेतलेत. स्वस्तात मिळाले म्हणून खूश होता. ते स्वस्त का आहेत हे मी सांगायला गेले, तर म्हणालात, "तू जरा गप."

मग कंपनीचे दिवस फिरले. आपलं रोजचं विमान आठवड्यातून दोनदा झालं. रूपालीसारख्या सगळ्या खालच्या माणसांचा पगार निम्मा केला, कंपनी सावरेपर्यंत. रूपालीने मान खाली घालून सांगितलं, आत्तींनी तिला चहा पाजला, आणि तुम्ही म्हणालात, अडचण आहे कंपनीला, घरात अडचण आली की आपण पण हात आखडतोच. तुम्ही तेव्हा कंपनीच्या बाजूने होता, मामा. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणायला लागले की या माणसाला मुळातच भांडायचं होतं.

सभेची सूचना आली तेव्हा सगळं फिरलं. त्यातला एक विषय असा: व्यवस्थापकीय संचालकांचा पगार वाढवणे. कंपनी तोट्यात असली की साहेबाला ठरल्यापेक्षा जास्त द्यायला भागधारकांचा विशेष ठराव लागतो, म्हणून विचारलं होतं. तुम्ही मला तीनदा वाचायला लावलंत. "म्हंजे रूपालीचा निम्मा, आणि ह्येचा वाढीव? त्याच वर्षी?"

तिथे आपलं भांडण पेटलं. मी माझ्या धंद्याची भाषा बोलले. म्हटलं, मामा, बुडती कंपनी सावरायला माणूस मिळत नाही. विमान कंपनी चालवणं म्हणजे पंपाचं दुकान नव्हे. बाजारभावाने पैसे दिले नाहीत तर तो दुसरीकडे जाईल, मग रूपालीला निम्मासुद्धा मिळायचा नाही. आणि त्याचा पगार म्हणजे इंधनाच्या बिलापुढे किस झाड की पत्ती. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "दे की त्येला. कोण न्हाई म्हणतंय? पर पोरी, लगीनघरात घरचा माणूस कुठल्या पंगतीला बसतो?"

मी म्हटलं, शेवटच्या.

"मग साहेब घरचा का पावणा, येवढं इचारून ये."

मी म्हटलं, कंपनी म्हणजे लग्नघर नाही. तुम्ही म्हणालात, तेच तर चुकतंय. आत्ती आतून ओरडल्या, आमटी गार होतीया, भांडण नंतर करा. ते नंतर शेवटपर्यंत चालू राहिलं.

आणि मग तुम्ही केलंत ते अख्ख्या भारतात फक्त कोल्हापूरचा माणूस करू शकतो. मी दोन आठवडे कामात होते, मला पत्ता नाही. एके दिवशी गल्लीतले बंडूकाका दारात येऊन म्हणाले, "सूनबाई, आमचं बी खातं निघालं. आता बघूच साहेबाकडं!" कसलं खातं? तर तुम्ही गल्लीतल्या चाळीसेक माणसांना खाती उघडायला लावून प्रत्येकाला एकेक शेअर घ्यायला लावला होता. दूधवाला, दोन शिक्षक, तालमीतली पोरं, किराणावाल्या शांताक्का. का? तर मतं वाढावीत म्हणून! सहकारात एक माणूस एक मत. जन्मभर तुम्ही तेच पाहिलेलं. कारखान्यात पन्नास एकरवाल्यालाही एकच मत आणि वीस गुंठेवाल्यालाही एकच. तुम्हाला वाटलं, चाळीस माणसं म्हणजे चाळीस मतं, आणि तिकडे मोठे मालक असून असून किती असणार, पाच?

मी तुम्हाला बसवून सांगितलं. मामा, कंपनीत माणसं मोजत नाहीत, शेअर मोजतात. मालकांकडे कोट्यवधी आहेत. आपल्या गल्लीचे मिळून चाळीस आणि तुमचे थोडे. तुमचा चेहरा मी विसरणार नाही. तुम्ही म्हणालात, "म्हंजे माणसाला किंमतच न्हाई?" मी म्हटलं, मतदानात तरी नाही. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. गल्लीत हसं झालं, बंडूकाकांनी तर तुम्हाला "चेअरमन" म्हणून हाक मारायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीहून बाहेर येते तर तुम्ही दारात उभे. डोळ्यांत ती सभेच्या दिवशीची चमक. "एक शेअर असलेल्या माणसाला सभेत बोलायचा हक्क हाय का न्हाई?" आहे, मी म्हटलं, आधी नाव नोंदवलं तर. "किती बी माणसं?" हो. "बास की मग! मत न्हाई, पर त्वांड तर हाय!" आणि तुम्ही तसेच बंडूकाकांच्या घराकडे पळालात, पायात एक चप्पल तुमची आणि एक प्रतापची. मामा, मी आयुष्यात बऱ्याच हुशार लोकांच्या मुलाखती घेतल्या. चूक केल्यावर एका रात्रीत तिचंच हत्यार करणारा माणूस मी तुमच्याशिवाय पाहिला नाही. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं राहून गेलं.

मग तालमीशेजारच्या मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी तयारी. सभा ऑनलाइन होणार, हे कळल्यावर बंडूकाका हवालदिल झाले. "मग माईक ओढायचा कुणाचा?" मी सांगितलं, ते आपला आवाज बंदच ठेवतात, नाव पुकारलं की उघडतात. आवाज बंद ठेवलेली सभा ही कल्पनाच कुणाला झेपेना. तुम्ही म्हणालात, चालतंय, प्रत्येकानं एकच प्रश्न विचारायचा, तोच तोच. खालच्यांचा पगार पुरा होईस्तोवर साहेब शेवटच्या पंगतीला बसणार का? एवढंच. शिवी द्यायची नाही. तालमीतल्या पोरांना तुम्ही हे दोनदा बजावलंत.

मग तुमचं दुखणं निघालं. दवाखान्यात तुम्ही नळ्यांच्या जंजाळात पडून मला विचारलंत, "तुझा बी एक शेअर हाय. मी घेतलाय तुझ्या नावानं. तुझं काय ठरलं, मंजूर का नामंजूर?" मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग सांगते. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "फुटीर हाईस तू." तेच शेवटचं बोलणं. उत्तर माझ्याकडेच राहिलं.

तुमच्या उत्तरकार्याला माणूस किती आलं होतं! पंगतीमागून पंगती उठत होत्या. मी वाढत होते, पोटात कावळे ओरडत होते. दर पंगतीला माझी नजर पातेल्याकडे जायची. आमटी पुरेल का, भात अजून टाकायचा का. कुणी सांगितलं नव्हतं, पण शेवटी मला जेवायचं होतं म्हणून ती जात होती. आधी जेवून बसले असते तर मला त्या पातेल्याशी काय देणंघेणं होतं? हातात पळी तशीच धरून मी उभी राहिले, मामा. चार महिने मला वाटत होतं तुम्ही त्यागाच्या गोष्टी करताय, साहेबाने साधं राहावं वगैरे. तुम्ही किती द्यायचं यावर कधी बोललाच नव्हता. आधी कुणी जेवायचं यावर बोलत होता. जो शेवटी बसणार, तोच पातेल्यात किती उरलंय ते बघणार. इतकं सोपं होतं, आणि ते तुम्हाला सांगायला मी घरात शिरले तर भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो.

आता सभा! मंडळाच्या खोलीत मोठा टीव्ही लावला. सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलेले, जणू पलीकडच्यांना दिसणार होतं. रूपाली मागे दाराशी उभी, नोकरी जाईल या भीतीने चेहरा ओढणीत. कंपनीने वेळेअभावी चाळीसातल्या मोजक्याच लोकांना बोलायला दिलं. खोलीत शिव्या सुरू झाल्या, तुमची आठवण काढून थांबल्या. पहिला नंबर शांताक्कांचा. त्यांनी हिंदीत सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला मराठीत उतरल्या. मग बंडूकाका. मग एक शिक्षक. सगळ्यांचा प्रश्न एक. पडद्यावर साहेब, चष्मा लावलेला, थकलेला माणूस, खाली बघून काहीतरी लिहीत होता. मला त्याची थोडी दयाही आली, खोटं का बोलू.

आणि मग निवेदिकेने तुमचं नाव पुकारलं.

मामा, हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नाव तुम्ही आजारी पडायच्या आधी नोंदवलेलं. ते काढायचं कुणाला सुचलं नाही. "आप हमें सुन पा रहे हैं? कृपया अपना माइक ऑन कीजिए." प्रताप खुर्चीत वाकून बसला. बंडूकाकांनी टोपी काढली. निवेदिका दुसऱ्यांदा म्हणाली. आता पुढचं नाव घेणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आत्ती उठल्या. ज्यांनी तुमच्या या सगळ्या उद्योगाला रिकामटेकडे धंदे म्हटलं, ज्या सभेला कधी गेल्या नाहीत, त्या आत्ती. मला म्हणाल्या, "खात्यावर माझं बी नाव हाय नव्हं? मग लाव त्ये." मी बटण दाबलं.

"नमस्कार. ह्ये न्हाईत. गेलं. मी त्यांची मंडळी बोलते." एवढं म्हणून त्या थांबल्या. मला वाटलं संपलं. मग त्यांनी पडद्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "साहेब, तुमी जेवलासा का?"

पलीकडे साहेबांनी मान वर केली. कुणीतरी बाजूने त्यांना हिंदीत सांगितलं असावं. ते म्हणाले, नाही माताजी, अजून नाही, सभा संपल्यावर.

"मग बघा की. भूक लागली तरी थांबलासा. तुमास्नी येतंय की थांबायला! आमची रूपाली बी थांबलीया, लई दिस झालं. तिची पंगत आधी उठू द्या. मग तुमी बसा. पोटभर बसा, मी स्वतः वाढीन."

मामा! खोलीत काय झालं ते मी कसं सांगू! आवाज बंद आहे हे माहीत असून सगळे ओरडायला लागले, शिट्ट्या, बाक वाजवले, तालमीतल्या पोराने शड्डू ठोकला. रूपाली ओढणी सोडून रडत होती, हसत होती. साहेबांनी चष्मा काढला. ते म्हणाले, माताजी, वाढ मंजूर झाली तरी कर्मचाऱ्यांचे पगार पूर्ववत होईपर्यंत ती न घेण्याचा मी विचार करेन. त्यांच्या शेजारच्या अध्यक्षांनी दचकून त्यांच्याकडे बघितलं, ते मी पाहिलं. आता तुम्ही नाचू नका. विचार करेन म्हणजे करेनच असं नाही, माझा जन्म या भाषेत गेलाय. पण सभेत बोललेलं आहे, चाळीस घरांनी ऐकलंय, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सभा आहे. तेव्हा पहिलं नाव मी नोंदवणार.

निकाल दोन दिवसांनी आला, तो सांगितलाच. पण त्या दिवशी निकालाची वाट कोण बघतंय? सभा संपली तशी सगळी गल्ली खोलीबाहेर पिंपरणीच्या झाडाखाली जमली. बंडूकाका उलट्या बादलीवर उभे राहिले. तुमच्या रिवाजाप्रमाणे समांतर सभा! एक माणूस एक मत. "साहेबाचा पगार आधी, आणि रूपालीचा नंतर. ठराव नामंजूर म्हणणाऱ्यांनी हात वर करा!"

मी हात वर केला, मामा. हे तुमच्या दवाखान्यातल्या प्रश्नाचं उत्तर. सगळे हात वर होते, रूपालीचासुद्धा. बंडूकाका मोजत मोजत आत्तींपाशी आले आणि अडखळले. आत्तींनी दोन्ही हात वर केले होते.

"वहिनी, एकच हात. एका माणसाला एकच मत, चेअरमनचाच नियम हाय."

आत्तींनी हात खाली घेतले नाहीत. म्हणाल्या, "एक ह्यांचा हाय."

बंडूकाका बादलीवर परत चढले. हात पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले आणि परत आत्तींपाशी येऊन अडले. शेवटी मीच ओरडून विचारलं, आत्तींचे दोन्ही हात मोजायचे का? आणि मामा, अख्खी गल्ली एका तोंडाने म्हणाली, "मंजूर!"